मेगर

सर्दीच होती. तिला जाऊन अकरा दिवस झालेले.
सातपूरच्या दुकानात पाच एचपीची मोटार उघडून बसलो होतो.
बावीस गेजची तार बोटांतून सुटली,
परत सुटली,
आणि बबन म्हणाला, शेठ, तुमची चप्पल मागं राहिली.
पाय अनवाणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मुंग्या आधी तळव्यांना, दुसऱ्या दिवशी मांड्यांत.
मुंबई नाक्याच्या दवाखान्यात डॉक्टर शिरोडेंनी
गुडघ्यावर हातोडी मारली.
पाय पाहुण्यासारखा गप्प.
मग चिमटे लावून करंट सोडला, पडद्यावरची रेघ उठेना.
हा तर आपला मेगर, मी ओळखलं.
चौथ्या दिवशी श्वासाला मशीन.

"विषाणू कधीच गेला," ते केशरला सांगत होते,
"पहारेकऱ्यांना कुणी कळवलं नाही.
चोर समजून ते घरचंच वायरिंग सोलतायत."
तीस वर्षं जळक्या कॉइल हुंगल्यात मी.
तोंडात नळी नसती तर म्हणालो असतो,
इनॅमल गेलं म्हणा ना सरळ.
आमच्याकडं इनॅमल गेलं की अख्खी कॉइल कापतो,
भंगारात, किलोच्या भावानं.
इथं काय कापणार?

डोळे मिटायचे नाहीत. सिस्टर रात्री पापण्यांवर पट्टी चिकटवायची.
हात लावला तर कळत नव्हतं
आणि चादर मात्र भाजायची.
केशर विचारायची, दुखतंय का?
हो म्हणजे वर बघायचं.
मी वरच बघत राहायचो.

पाच दिवस बाटल्या चढल्या.
एकेकीत हजारो माणसांच्या रक्तातलं काहीबाही, सिस्टर म्हणाली.
पाथर्डी फाट्याचा प्लॉट त्यात गेला.
छताकडं बघत मी माणसं मोजायचो:
कोण असतील?
ज्यांना बिल वाढवून लावलं
त्यांच्यातला एखादा असेल का?

आता घरी. नस फार तर दिवसाला एक मिलिमीटर वाढते म्हणे.
कमरेपासून अंगठ्यापर्यंत किती, हे मी टेपनं मोजून ठेवलंय.
मिसबाह मॅडम येतात, अंगठा धरतात,
डोळे मिटून सांगा, वर की खाली?
दहातले सात चुकतात.
डोळे मिटतात, हे त्या धरत नाहीत.

काल बबन आला. बावीसची तार, चोवीसची तार,
दोन्ही माझ्या बोटांवर ठेवल्या.
कुठली जाड?
बराच वेळ गेला. खाली कुणाची तरी गाडी चालू होईना.
सांगू का, शेठ?
नको.
परत ठेव.