दगड माझ्याकडे होता

तेव्हा मी नऊ वर्षांचा, आणि दगड माझ्याकडे असायचा.
पावाएवढा, एका अंगाने चपटा,
नारीन नदीच्या काठावरून बाबांनी स्वतः निवडलेला.
ट्रक थांबला की उडी टाकायची,
मागच्या उजव्या चाकाला तो टेकवायचा
आणि ओरडायचं, लावला!
एवढंच काम. पण त्याच्याशिवाय
आमचा निळा गाझ चढावर उभा राहत नसे.
त्याचा हँडब्रेक माझ्या जन्माआधीच वारला होता.

त्या जूनमध्ये घोडीने बाबांना पाडलं.
पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.
मेंढ्या शेजाऱ्यांबरोबर वरच्या कुरणावर निघूनही गेलेल्या,
खाली राहिलो आम्ही, तंबूचे नमदे, वासे, चूल,
दोन पोती पीठ
आणि ट्रक.
बुरुलचा म्हणाली, मी चालवते.
ती सतरा वर्षांची. सपाटीवर तिला येत होतं.
आमच्या गावात सपाटी दुकानापासून शाळेपर्यंत आहे.

बाबा तिच्या शेजारी, प्लास्टरचा पाय खिडकीबाहेर.
पाचव्या वळणावर, जिथे रस्ता रस्त्यासारखा राहतच नाही,
समोरून कोळशाचा ट्रक उतरला. थांबावं लागलं.
लावला! मी ओरडलो.

पहिल्यांदा इंजिनला उचकी लागली आणि ते मेलं.
दुसऱ्यांदा ट्रक पुढे झेपावला, मेला,
आणि आख्खा मागे येऊन दगडावर बसला,
माझ्या अंगठ्यापासून वीतभर.
तिसऱ्यांदा क्लच जळल्याचा वास.
वासे सरकले, चुलीचं झाकण घरंगळत दरीत गेलं.
अजून तिथेच असेल.

बाबा बुरुलचावर एरवी ओरडत. घोड्यांवर कधीच नाही.
त्या दिवशी ते घोड्यांशी बोलतात तसे बोलले.
"कानाने ऐकू नकोस. बुडाने ऐक.
क्लच सोडून द्यायचा नसतो, परत करायचा असतो,
शेजारणीचा वाडगा काठोकाठ भरून परत करतो तसा.
मध्ये कुठेतरी सीट जड होईल,
बोनेट जरासं नाक उचलेल.
तिथे थांब. सगळ्यांची घाई तिथेच होते."
"तिथे म्हणजे कुठे?"
"ते मला सांगता येत नाही. माझा पाय सांगायचा."
मग खिडकीबाहेरच्या त्या पांढऱ्या ओंडक्याकडे बघून
त्यांनी रशियनमध्ये एक शिवी दिली.

चौथ्यांदा. पाचव्यांदा. मी मोजणं सोडलं.
चाकाशी उकिडवा बसलेल्या मला
आभाळ दिसत नव्हतं, बहीण दिसत नव्हती,
दिसत होता फक्त टायर, दगडावर फुगून टेकलेला.
आणि मग त्या दोघांच्या मध्ये
उजेड दिसला.
घोड्याच्या केसाएवढा.
ट्रक पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता,
नुसता थरथरत उभा होता, दगडाशिवाय,
आणि हे आत अजून कुणालाच माहीत नव्हतं.
मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही.
हाताने तो उजेड रुंद होताना बघत राहिलो
जोवर माझ्या तोंडात धूळ आली नाही.

ती थांबली नाही.
थांबली असती तर पुन्हा निघावं लागलं असतं.
मी धावलो, मग चाललो.
प्रत्येक वळणावर वर कुठेतरी
बाबांचा पाय वळताना दिसायचा, दर वेळी लहान.

खिंडीत पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.
बुरुलचा पायरीवर बसून पाव खात होती,
डावी पोटरी अजून आपोआप उडत होती तिची.
माझ्या छातीशी धरलेलं बघून
तिला इतकं हसू आलं की घास बाहेर.
"अरे वेड्या, डोंगरभर दगड पडलेत.
हाच कशाला वाहून आणलास?"

मला उत्तर आलं नाही.
बाबा हसले नाहीत.
सीटखालचं पिठाचं पोतं सरकवून त्यांनी जागा केली.
"ठेव इथे," म्हणाले.
"पलीकडे उतरायचंही आहे."