नमुना एकशे बारा

दर जूनमध्ये ओव्हाळमामा म्युझियममधल्या बरण्या खाली उतरवतात,
जुनं फॉर्मॅलिन ओततात, नवं भरतात,
डोळे पुसत. "झोंबतं," म्हणतात, "रडत नाही मी."

एकशे बारा: फुप्फुस.
स्त्री, विडी कामगार, भवानी पेठ.
टाकानं लिहिलेलं वय पुसट. तेहतीस, की अडतीस?
नाव कुणी लिहिलंच नव्हतं.

हिच्यावर तीन प्रबंध झाले.
तिन्ही सरांची तैलचित्रं कॉलेजच्या जिन्यात आहेत,
चष्म्यांसकट.

काल तोंडी परीक्षेत मी अडखळले.
मामांनी दाराआडून
स्वतःच्या छातीवर दोन बोटं टेकवली,
वर, उजवीकडे.

पास झाले.
संध्याकाळी कँटीनमधून दोन चहा घेऊन गेले.
मामा झाकणाला मेण लावत होते.
न बघताच म्हणाले,
"तिसरा कुठाय?"