बंदोबस्त

डिसेंबर. अधिवेशनाचे दिवस.
मॉरिस कॉलेजपाशी बॅरिकेड, टेकडी रोड बंद,
आणि व्हरायटी चौकात, स्कूटीवर बसल्या बसल्या
काहीही कारण नसताना
मी मरायला लागले.

सिग्नलला चौऱ्याऐंशी सेकंद बाकी.
गाव थंडीनं गारठलेलं
आणि माझ्या स्वेटरच्या आत मे महिना.
छातीत कुणीतरी दुकानाचं शटर
वर-खाली, वर-खाली करत होतं.
बाजूचा ऑटोवाला म्हणाला,
"काय झालं जी ताई? घाम येऊन राह्यला तुम्हाले."
त्याच्या मागच्या सीटवर संत्र्यांचं कॅरेट होतं.
मी संत्री मोजली.
एकोणिसावर हिरवा लागला, आणि मागून हॉर्न.

ईसीजी नॉर्मल.
धंतोलीतल्या तीन दवाखान्यांचे जिने चढले,
तिन्हीकडे एकच निदान: काही नाही.
त्या काही नाहीच्या पावत्या
मी तारखेप्रमाणे फाईलला लावल्या.

चौथ्या जिन्यावर डॉक्टर सुखदेवे.
त्यांनी आधी पाळीचं विचारलं.
मी छाती घेऊन आले होते, मला रागच आला.
मग चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी दोन मूत्रपिंडं काढली,
दोघांच्या डोक्यावर एकेक टोपी.
"अ‍ॅड्रेनलिन इथून सुटतं. वाघ दिसला की."
"पण वाघ कुठाय?"
"नाहीच. इस्ट्रोजेन सध्या झोके घेतंय.
आणि प्रोजेस्टेरॉन, जे मेंदूच्या पाठीवरून
हात फिरवायचं, ते येईनासं झालंय.
म्हणून दाराची कडी वाजली तरी वाघ."

परतताना पाहिलं:
बुलढाण्याहून, गडचिरोलीहून आणलेले पोलीस
फुटपाथवर ओळीनं बसलेले.
एक पोरगी हेल्मेटमध्ये शेंगा घेऊन सोलत होती.
आजचा मोर्चा आलाच नव्हता.

असंच असणार माझ्यात.
कुठूनसा हुकूम सुटतो, गाड्या भरभरून येतात,
रस्ते बंद, लाठ्या तयार,
आणि समोर कुणीच नाही.
ना झेंडा, ना निवेदन.

हे कळलं म्हणून थांबलं नाही.
परवा बँकेत आलं, लॉकरच्या खोलीत.
फक्त या वेळी मी त्यांना म्हटलं, बसा.
दहा-पंधरा मिनिटांची ड्यूटी असते तुमची, मला माहीत आहे.
त्यांनी ऐकलं असं नाही.
पण मी मेले नाही, हे दोघांनीही पाहिलं.

रात्री काटोलला फोन लावला.
आई, तुला व्हायचं का गं असं, माझ्या वयात?
"काहून विचारून राह्यली?"
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
थंडीतसुद्धा पंखा लावते ती,
हे माझ्या आज लक्षात आलं.
"विहिरीवर जाऊन बसत होती मी," ती म्हणाली,
"तुम्ही निजल्यावर.
तुह्या बाबाले वाटे, जीव द्यायले जाते.
मी तं पाण्याकडे पाहत राहो, थंड वाटे म्हणून."