मान्य तफावत

सयाजीगंजात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, हॉटेल नीलपद्म.
अठरा वर्षं मी इथं स्टँडर्डमध्येच उतरतो.
एकशेचार. खिडकी आहे,
पण ती उघडते डक्टमध्ये,
आणि तिथं वरच्या कुणाच्या तरी एसीचं पाणी
रात्रभर एकाच पत्र्यावर पडत राहतं.

माझा धंदा वजनकाट्यांचा.
मकरपुऱ्यातले पोती तोलणारे, ट्रक तोलणारे काटे
खरं बोलतायत ना, एवढंच बघायचं.
वजनं ठेवायची, उचलायची,
शेवटच्या रकान्यात लिहायचं,
तफावत: मान्य.

सवयीनं हॉटेलही तोलून झालंय.
डिलक्स म्हणजे स्टँडर्ड अधिक किटली,
अधिक एक उशी, जिला कुणी डोकं लावत नाही.
सुपर डिलक्सची खिडकी रस्त्यावर. हवा तीच,
फक्त रिक्षांसकट.
एक्झिक्युटिव्हमध्ये टेबल असतं,
त्या टेबलाचे रात्रीला नऊशे जास्त.
स्वीटचं काही सांगता येत नव्हतं.
लिफ्टमधलं चारचं बटण तेवढं
बाकीच्यांपेक्षा कमी झिजलेलं.

परवा गाडी उशिरा. साडेअकरा वाजलेले,
पितळी वजनांच्या पेटीनं खांदा उतरलेला.
काउंटरवर हेमांगीबेन घोरपडे, अस्सल बडोद्याचं मराठी:
"काका, एकशेचारचं छत गळतंय.
चारशेएक फावेल तुम्हाला?
भाडं जुनंच लावते. अपग्रेड समजा."
मला उद्देशून हा शब्द
आजवर कुणी वापरला नव्हता.
"ऐन लग्नसराईत रिकामी कशी?"
ती चावी शोधत राहिली, हातात असलेली.
"होती बुक. दुपारपर्यंत."

दार उघडलं तर पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम,
अजून ओलसर.
टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच.
आरशावर सोनेरी अक्षरं: 'ध्रुविन वेड्स क्रि'.
पुढचं खरवडून काढता काढता
पोऱ्याला कुणीतरी खाली हाक मारली असावी.

मिरजेला फोन लावला.
शालन म्हणाली, "बाथटब आहे का? बघून सांग."
बघितला.
"केवढा?"
"आपल्या पाण्याच्या टाकीएवढा."
"दोघं मावतील?"
मी बूट काढून आत बसून पाहिलं, कोरड्यातच.
"मावतील. पाय दुमडून."
मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही,
आणि तिनं विचारलं, जेवलास का.

पलंग एवढा, की वर ट्रक उभा राहावा.
पण काटा शून्यावर आल्याशिवाय
त्यावर काही ठेवायचं नसतं,
आणि हा शून्यावर नव्हता.
पेटी ठेवली त्याच्या कडेला,
मी सोफ्यावर आडवा झालो.
इतकी शांतता, की झोप येईना.
पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

सकाळी हेमांगीबेननं फॉर्म पुढं केला,
खोली कशी वाटली, एक ते पाच.
मी तीनवर खूण केली. तिनं वाचलं, काही म्हणाली नाही.
पाण्याची बाटली मात्र स्वीटच्या भावानं लावली,
ऐंशी रुपये.
लिफ्टमधून पोऱ्या उतरला, काखेत हंस.
उलगडल्यावर ते टॉवेलच होते,
आमच्या एकशेचारात असतात तसलेच,
थोडे जाड.

मकरपुऱ्यात पाच किलोचं वजन उचललं
तर बुडाला चिकटलेली एक पाकळी,
कडेनं काळवंडलेली.
पुसायला हवी होती. वजन म्हणजे साक्षीदार,
त्याच्या अंगावर दुसऱ्याचं काही असू नये.
तसंच ठेवलं काट्यावर.
त्याला काय कळणार,
दहा किलोंच्या खालचं तो मोजतच नाही.
रकाना भरला, सही केली,
शिक्का मारायला ऑपरेटर जनकभाईकडं दिलं.
तो म्हणाला, चला, सेव उसळ खाऊ.
पेटी बंद केली.
पाकळी आतच राहिली असेल.