खोटा धागा

साखर पेठेतल्या पत्र्याच्या शेडात चोवीस माग,
आणि बोलायचं ते फक्त ओठांच्या हालचालीनं.
मी सतरा वर्षांचा शिकाऊ,
भूमय्या कुरापाटी पन्नाशीला टेकलेला.

त्याच्या मागावर धागे फार तुटायचे.
तासा-दीड तासाला खट्,
माग गप्प.
तो मान वळवी, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं,
दोन्ही हात वर नेई, जणू छताला काही टांगतोय,
बोटं उघडी, मिटी, उघडी,
माठाशी जाऊन पाणी पिई
आणि मग सावकाश गाठ मारी.
शेठ ओरडे : सूत सगळ्यांना एकच,
तुझ्याच चादरीतला मोर का रे सारखा आजारी?

माझे धागे तुटत नसत.
दोन मागांवर पाळीला सोळा चादरी,
दिवाळीच्या पाकिटात शंभराची एक नोट जास्त
आणि शेठची शाबासकीची थाप
बरोबर उजव्या खांद्यावर.

एका दुपारी, शेंगाचटणीत कडक भाकरी मोडताना,
भूमय्यानं खिशातून कागदाची पुडी काढली.
आत ब्लेडचा अर्धा तुकडा.
"आगु रा," म्हणाला, "आगु. थांब जरा.
धागा तुटला तर गाठ मारता येते.
हितं," माझ्या मनगटावर बोट टेकून,
"हितं कोण मारणार गाठ?"

चोर आहे म्हातारा, मला वाटलं.
पैसे नगावर. थांबायचं म्हणजे
आपलाच खिसा आपणच कापायचा.

खंडेनवमीला मागाला हळदकुंकू, झेंडूची माळ, दिवसभर सुट्टी.
शनिवारी तेल.
त्या तेलाचा हात मी पँटला पुसायचो.

आता एकोणपन्नास.
शर्टात आधी उजवा हात घालतो,
डाव्यानं उचलून, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
विम्याच्या दवाखान्यातली डॉक्टर, पोरगीच ती,
लिहून देते : दर तासाला पाच मिनिटं थांबा.
"आणि औषध?"
"हेच."
रिक्षात बसून हिशेब मांडला,
दिवसाची आठ-दहा पाच मिनिटं, बत्तीस वर्षं...
मोजता मोजता बोटं बधिर झाली.
सोडून दिला.

भूमय्या गेल्या चैत्रात गेला.
शेवटच्या आठवड्यापर्यंत धोतराचा काष्टा
स्वतः खोचायचा,
दोन्ही हात पाठीमागं नेऊन.

अक्कलकोट रोडच्या नव्या कारखान्यात आता मी टॉवेल तपासतो.
इथं धोटा नाही. प्रत्येक मागाला एक पडदा,
कुठला धागा तुटला, किती मिनिटं गेली,
सगळं लाल अक्षरांत.
ब्लेड इथं चालायचं नाही.
सहा माग सांभाळतो नरेश दासरी, विडी घरकुलातला,
वय वीस.
परवा पाण्याची बाटली उघडताना
दातांनी झाकण फिरवताना दिसला.

मी हाक मारली. सुपरवायझरला ऐकू जाईल एवढी मोठी.
"नरेश! इकडं ये, तुझ्या टॉवेलला डाग आहे."
धावत आला, चेहरा पांढरा.
"उजेडाकडं धर. दोन्ही हातांनी.
वर. अजून वर.
मान मागं टाक, त्याशिवाय दिसणार नाही."
ट्यूबलाइटखाली पांढराशुभ्र टॉवेल,
त्याच्यामागं त्याचे ताणलेले हात.
"कुठाय डाग, काका?"
"बघ नीट," म्हणालो.
"घाई नको.
सापडेल."