नाबोथ इज्रेलकर

रविवारी मिसा सुटल्यावर
हळदोण्याच्या कपेलामागच्या खोलीत
तेओतोनबाब पोरांची दोत्रीन घेतो.
मी जातो तो पंख्यासाठी,
आणि कोकणीत ऐकलेली गोष्ट
घरी मराठी प्रतीत ताडून पाहायची खोड म्हणून.

त्या मराठी प्रतीतच भेटला मला
नाबोथ इज्रेलकर.
कुणा जुन्या भाषांतरकाराने
त्याच्या गावाला आपला ‘कर’ जोडला,
आणि मी, अस्नोडकर, चष्मा पुसत
त्याला बसायला जागा करून दिली.

माणूस साधा. राजवाड्याला लागून द्राक्षमळा.
राजा अहाब म्हणाला, मला दे, भाजी लावीन.
बदल्यात दुसरा मळा घे, नाहीतर रोख.
नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं आहे.
राजा भिंतीकडे तोंड करून निजला,
जेवला नाही.

पोरं हसली, राजा रुसला म्हणून.
तेओतोनबाब नाही हसला.
त्याच्या बहिणीच्या काजूच्या भाटात
गेल्या मे महिन्यात जेसीबी उतरला.
दिल्लीचा कुणी. भाजी नव्हे,
तरणतलाव लावणार होता.

मग राणीने पत्रं धाडली,
राजाच्या नावाची, राजाच्या मोहरेची.
उपास जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा,
समोर दोन भाडोत्री साक्षीदार.
गावाबाहेर धोंडे.
मळा मोकळा.

‘हे खरंच घडलं?’ मी विचारलं.
तो म्हणाला, तिकडे खडकात कोरलेली
द्राक्षं तुडवायची कुंडी सापडली म्हणतात.
ती नाबोथाची का, ते खडक सांगत नाही.
खडकाला लाच देता येत नाही, असंही म्हणाला;
किंवा म्हणाला नसेल,
मला आता तसं आठवतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वेंसी,
पुढचे दोन दात पडलेली:
‘पण पत्रं लिहिली कोणी? राणीला लिहिता यायचं?’

पुस्तकात राणीच लिहिते.
पण एवढ्या पत्रांना
कुणीतरी शाई घोटली असणार,
नावं तपासली असणार, मोहर नीट उमटली का
ते उजेडात धरून पाहिलं असणार,
आणि संध्याकाळी घरी जाऊन
आज मासळी काय, विचारलं असणार.

एकतीस वर्षं म्हापशाच्या नोंदणी कचेरीत
मी शिक्के मारले.
एक-चौदाचे उतारे, मुखत्यारपत्रं,
पोर्तुगीज काळातली पिवळी विक्रीखतं.
काही इतकी ताजी पिवळी
की बोटांना चहाचा वास यायचा.
विचारणं माझ्या टेबलाचं काम नव्हतं.

तेओतोनबाब पुढे गेला होता,
एलिया संदेष्टा, कुत्र्यांचं भाकीत.
पोरांना कुत्री फार आवडली.
वेंसी मात्र उत्तरासाठी
खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे पाहत राहिली.
मी उजवा हात मांडीखाली घेतला.

रात्री मराठी प्रत पुन्हा चाळली.
राजा आहे, राणी आहे, दोन हरामखोर आहेत,
कुत्रीसुद्धा आहेत.
कारकून नाही.
कुणाच्या भाकितात तो सापडला नाही.

पुढच्या रविवारी लाईट गेली तरी जाईन.
तेओतोनच्या बहिणीच्या भाटाचा
सर्व्हे क्रमांक मला पाठ आहे.
त्याने मला तो कधीच सांगितलेला नाही.