आदरणे

पुष्कर शिक्षण सोडून गेला, त्याचा चिनी कोश
रामबागेत माझ्या टेबलावर राहिला.
त्यातला जुन्या चिनीतला एक शब्द
तीन आठवडे अडला आहे: जिंग.

'आदर' लिहिलं, खोडलं. शाल-श्रीफळ दिसायला लागलं.
'भक्ती' खोडलं. टाळ वाजतात.
'अदब' बरा होता, पण त्यात जराशी भीती उरते,
साहेबाच्या खोलीबाहेर खोकल्यासारखी.
कोश म्हणतो, पत्राच्या माथ्यावर हा लिहितात;
वडीलधाऱ्यापुढे चहा ठेवतात तेव्हाही हाच, क्रियापद होऊन;
आणि समोर कोणी नसताना
एकटं माणूस काम नीट करतं, त्यालाही हाच.

हे शेवटचं मला कळेना.

झोप नव्हतीच. पहाटे चारला सराफ्यात गेलो.
शेगड्या विझलेल्या, भुट्ट्याच्या किसाचे द्रोण,
रबडीचे फुटके कुल्हड, पाकाने चिकट फरशी,
आणि बंद पेढीच्या पायरीशी
हलीमाबी, कुंचा घेऊन उकिडवी.

"बाबूजी, ज़रा हटना. सोने पे खड़े हो."

हटलो. खाली पाहिलं. धूळ होती.
तिने ती फटीफटीतून काढली,
जिथे कानस मारताना उडालेला कण जाऊन बसतो,
परातीत घेतली, पाणी घातलं, हलवली,
गढूळ ओतलं. पुन्हा पाणी.
पुन्हा.
कोणी बघत नव्हतं. मी होतो,
पण मी हिशेबात नव्हतो.

"कितना निकलता है?"
"कभी चाय जितना. कभी वो भी नहीं."

घरी येऊन अक्षरावर भिंग धरलं.
वर गवताच्या काड्या,
खाली वाकलेली पाठ, पाठीच्या आत मिटलेलं तोंड,
आणि उजवीकडे, हे मात्र कोशातच आहे,
काठी धरलेला हात.
बाकीची फोड माझी, म्हणजे चुकीचीच.
पुष्कर हसला असता.

मग मराठी कोश काढला. आपलाच शब्द,
म्हणून कधी बघितला नव्हता.
आदरणे: मान देणे.
त्याखाली, बारीक टाइपात, जुना अर्थ:
हाती घेणे. सुरू करणे.

वहीत जिंगपुढची जागा अजून कोरीच आहे.
उद्या थर्मास घेऊन जाईन.
चहा ओतण्याआधी
कुठे उभा आहे ते बघेन.